बादलीला लाथ

वही मिटू नकोस. उघडी ठेव आणि तिसरी ओळ सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाच. शेजारच्या काकांचे वडील गेले, त्यांना इंग्रजीत सांत्वनाचं पत्र लिही, एवढंच सांगितलं होतं. आणि तू लिहिलंस, तुमचे वडील 'किक्ड द बकेट' हे ऐकून वाईट वाटलं!

अर्थ बरोबर आहे म्हणतोस? पुस्तिकेत 'मरणे' असंच छापलंय? मग 'गचकणे' म्हणजे तरी दुसरं काय? जा, काकांच्या दारात उभा राहा आणि म्हण, "काका, आजोबा गचकले, वाईट वाटलं." का, जीभ का अडखळली? वारले, निवर्तले, देवाघरी गेले, खपले, गचकले. यातला कोणता शब्द कुणापुढे काढायचा हे तुला शाळेत जायच्या आधीपासून कळतं. कुणी घोकून घेतलं नव्हतं. घरात माणसं बोलत होती, तू ऐकत होतास. इंग्रजीच्या तासाला ते कान कुठे ठेवून येतोस?

परदेशी जायच्या परीक्षेसाठी दीडशे वाक्प्रचार पाठ केलेस. रात्री जागलास, तेही मला माहीत आहे, म्हणूनच जीव तुटतो. डावीकडे इंग्रजी, उजवीकडे मराठी, मध्ये बरोबरचं चिन्ह! कोण बोलतं, कुणाशी, हसताना की रडताना, यातलं एक अक्षर त्या पुस्तिकेत नाही आणि तू विचारलंही नाहीस.

आणि ही बादली रशियन माणसाच्या हाती दे. त्याच्याकडे धो धो पाऊस बादलीतून ओतल्यासारखा पडतो, मरणाशी तिचा संबंध नाही. त्याच पावसात इंग्रजांकडे मांजरं नि कुत्री कोसळतात. ती कुठून आली याच्या छापील गप्पा पुष्कळ आहेत, त्यांवर विसंबू नकोस. आपला पाऊस मुसळधार, तुझ्या गुजराती मित्रांचा सांबेलाधार, आणि सांबेलुं म्हणजे मुसळच. दोन्ही शब्द रोज तुझ्या कानावर पडतात. कधी जोडून पाहिलेस?

पुढचं पान. 'गाडी घोड्याच्या पुढे' या इंग्रजी वाक्प्रचारासमोर तू लिहिलंस, वरातीमागून घोडं. घोडा दिसला की झालं? वरातीमागून घोडं म्हणजे वेळ टळल्यावरची धावपळ. इंग्रजांच्या गाडीत क्रमच उलटा आहे. त्याला आपण आधी कळस मग पाया म्हणतो. अरे, करजणचा मुलगा आहेस तू! इथल्या मियागामपासून डभोईपर्यंत गायकवाडी राज्यात 1862 साली अडीच फुटी रूळ पडले, तेव्हा डबे ओढायला बैल जुंपत. इंजिनं मागाहून आली. आता ते बैल डब्याच्या मागे बांध. डबा जागचा हलत नाही, बैल लाकडावर शिंगं आपटतायत, पुढे रूळ मोकळे. दिसलं? मग अर्थ कशाला पाठ करायचा?

तुम्हीही माना खाली घालू नका, तुमच्या वह्या याहून बऱ्या नाहीत. दाते आणि कर्वे यांनी मराठी बोलणं वेचून वाक्संप्रदायांचा अख्खा कोश केला. तुमच्यातल्या किती जणांनी तो उघडलाय? एकाचाही हात वर नाही.

बस आता. उद्या पत्र पुन्हा लिहून आण, साध्या चार वाक्यांत, एकही वाक्प्रचार न घालता. आणि आज संध्याकाळी आजीजवळ बस. आजोबांच्या शेवटच्या दिवसाबद्दल ती बोलेल, तेव्हा कोणता शब्द वापरते तो नीट ऐक आणि वहीत सगळ्यात वर लिही.