हीटर नसलेली पेटी

नातीच्या हट्टापायी चार वर्षांपूर्वी आमच्या पुण्याच्या घरात काचेची पेटी आली. नातीने निवडले एंजल मासे. चंद्रकोरीसारखे, लांब परांचे, मोठ्या दिमाखात मिरवणारे. दुकानदार म्हणाला, हीटर घ्या. मी म्हणालो, “नदीतल्या माशांना कोण हीटर लावतो?” युक्तिवाद मला मोठा बिनतोड वाटला. खरे सांगावयाचे तर मला पैसे वाचवायचे होते.

ती नदी ॲमेझॉन होती, आणि तिच्या पाण्याला ऊब सृष्टीच पुरवते. शिवाय माशाचे रक्त थंड; भोवतालचे पाणी जेवढे गार तेवढाच तोही गार. नदीतला मासा गारठला तर निदान खोल पाण्यात जाऊ शकतो. पेटीतला कुठे जाणार? डिसेंबरात त्यांच्या अंगावर पांढरे ठिपके उठले, खाणे सुटले, आणि पंधरवड्यात दोन्ही गेले.

“आजोबा, त्यांना थंडी वाजत होती का हो?” नातीने विचारले.

“त्यांचे आयुष्यच तेवढे,” मी म्हणालो. कंजूषपणाला खोटेपणाची जोड मिळाली.

मग मी पुस्तके चाळू लागलो. (पश्चात्तापाने माणूस अभ्यासू होतो, हा माझा जुना अनुभव आहे.) लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन या रसायनशास्त्रज्ञाने १८५० साली आपला एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. दोन गोल्डफिश आणि व्हॅलिस्नेरियाची पाणवनस्पती त्याने एकत्र ठेवली. वनस्पती उजेडात प्राणवायू देई, माशांची घाण तिला खत होई. कुजक्या पानांनी पाणी बिघडू लागले तेव्हा त्याने गोगलगाई सोडल्या, त्यांनी ती पाने फस्त केली. त्या पेटीला हीटर नव्हता. पण मासे थंड पाण्यातलेच होते. माझ्या नजरेतून निसटले ते नेमके हेच.

आता माझ्या पेटीत व्हॅलिस्नेरिया आहे आणि सात-आठ झेब्रा मासे आहेत. फ्रान्सिस हॅमिल्टनने १८२२ च्या आपल्या गंगेच्या माशांवरील ग्रंथात वर्णिलेले, आपल्याच देशातले हे बोटाच्या पेरांएवढे पट्टेवाले जीव. तीन हिवाळे त्यांनी मजेत काढले. पाहुणे आले की मी सांगतो, माशासाठी पाणी बदलू नये, पाण्याजोगा मासा निवडावा. पाहुणे माना डोलावतात. स्वयंपाकघरातून आवाज येतो, “म्हणजे हीटर तो नाहीच घेतला ना शेवटी!”

हे मात्र मला फार लागते. पूर्वी हीटर नव्हता, आजही नाही. तेव्हा ती चिक्कूपणाची गोष्ट होती, आज ती तत्त्वाची म्हणून मिरवते. मी बदललो, की नुसते मासे बदलले? उद्या नातीने पुन्हा एंजलच मागितले, तर मी नाही म्हणेन ते माशांसाठी की खिशासाठी? झेब्रा मासे सुखात आहेत म्हणून माझा हेतूही शुद्ध झाला, असे म्हणवत नाही. आणि हेतू मळका होता म्हणून त्यांचे सुख काही कमी होत नाही!

गेल्या जानेवारीत एका पहाटे नात पेटीपाशी उभी होती.

“आजोबा, यांना थंडी वाजते का हो?”

तोंडावर आलेले उत्तर मी गिळले. “मला ठाऊक नाही. पारा बघू या.”

काचेवरचे धुके तिने फ्रॉकच्या बाहीने पुसले आणि आकडा वाचला: अठरा. मासे हालचाल करीत होते. आम्ही दोघे उजाडेपर्यंत तिथेच बसलो.