उचल आणि अनुदान

कार्तिकी पौर्णिमेला बीड जिल्ह्यातल्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या समाधीच्या दर्शनासाठी वीरशैव लिंगायत भाविकांच्या दिंड्या येतात. महाराष्ट्राबरोबर शेजारच्या राज्यांतूनही येतात. मांजरसुंब्याकडून येणाऱ्या वाटेवर विभूती, नारळ, प्रसाद, खेळणी आणि बालाघाटच्या डोंगरातली सीताफळे घेऊन बसायचे, तर माल आधी भरावा लागतो आणि त्यासाठी रोकड लागते ती आश्विनात. त्याच आश्विनात बीड जिल्ह्यातली असंख्य कुटुंबे घराला कुलूप घालून ऊसतोडीला निघतात, कारण मुकादमाची उचल, म्हणजे आगाऊ घेतलेली मजुरी, पावसाळ्यातच खर्चून गेलेली असते. उचल आणि सरकारी अनुदान या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या, की बाईच्या छोट्या धंद्याला भांडवल का मिळत नाही हे नीट कळते. माझे म्हणणे असे, की या धंद्याला सवलतीपेक्षा वेळेवरच्या पैशाची निकड जास्त आहे, आणि आपल्या योजनांनी सवलत मोजली, वेळ मोजलीच नाही.

योजनांचा तुटवडा नाही, हे आधी मान्य केले पाहिजे. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळते आणि तिची सुमारे दोन तृतीयांश खाती महिलांची आहेत. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या महिला, अल्पसंख्याक, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीयांना प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के अनुदान आहे, स्वतःचा वाटा फक्त ५ टक्के. अन्नप्रक्रिया उद्योगासाठीच्या केंद्राच्या योजनेतही ३५ टक्के आहेत, शिवाय बचत गटाच्या प्रत्येक सदस्येमागे ४० हजारांपर्यंत बीजभांडवल. महिला आर्थिक विकास महामंडळ १९७५ पासून आहे. एवढे असून अडते कुठे? रोजगार निर्मिती कार्यक्रमातले अनुदान हातात पडत नाही. ते बँकेत तीन वर्षे ठेव म्हणून राहते आणि नंतर कर्जात वळते होते. त्याआधी प्रकल्प अहवाल, यंत्राचे कोटेशन, उद्यम नोंदणी, प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र, जागेचा कागद. जागेच्या कागदावर सासऱ्याचे किंवा नवऱ्याचे नाव. सूक्ष्म उद्योगाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नये, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना २०१० पासून आहे. पण तारण नको म्हटले तरी जामीनदार विचारला जातो, आणि पगारदार जामीनदार तिच्या नात्यागोत्यात असतोच असे नाही.

सीताफळाचे उदाहरण घ्या. बीडच्या सीताफळाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. फळाचे डोळे उघडले, म्हणजे खवल्यांमधल्या फटी पिवळसर झाल्या, की ते तोडतात. तोडल्यावर दोन-तीन दिवसांत ते पिकून मऊ पडते; मग एखादा दिवस जरी विकायला उशीर झाला तरी पाटीतले फळ फेकून द्यावे लागते. गर काढून गोठवला तर तो महिनोन् महिने टिकतो आणि आइस्क्रीम-रबडीवाल्यांना विकता येतो. त्यासाठी डीप फ्रीजर हवा, गर काढणाऱ्या बायकांची रोजची मजुरी हवी, फळ रोखीने उचलायला पैसा हवा, आणि तो हंगाम सुरू होण्यापूर्वी हवा. मंजुरी पौषात आली तर व्याजदर कितीही कमी असो, ते कर्ज त्या वर्षापुरते निरुपयोगी. फ्रीजर रिकामा उभा राहतो आणि हप्ता सुरू होतो.

उचलीचे सारे याच्या उलट आहे. ती पेरणीच्या दिवसांत, घरात दाणा नसताना दारात येते. कागद नाही, जामीन नाही, चौकशी नाही. तारण म्हणून येणाऱ्या हंगामातली मेहनत लिहून घेतलेली असते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. हिशेब मात्र पुरुषाशी होतो. बाई पहाटेपासून मोळ्या बांधते आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरते, पण उचलीच्या वहीत तिचे नाव नसते. बीडमधल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भाशय शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये राज्यभर गाजला, तेव्हा या कर्जाची खरी किंमत सगळ्यांना दिसली. महाग, माणूस बांधून ठेवणारे, तरी लोक तेच घेतात, कारण ते वेळेवर मिळते. स्वस्त कर्जाने याच्याशी टक्कर द्यायची, तर वेळेच्या बाबतीत द्यावी लागेल.

आणखी एक अडचण दारांची आहे. केंद्राच्या यादीत अल्पसंख्याक म्हणून सहा समाज आहेत: मुस्लिम, ख्रिश्चन, शीख, बौद्ध, पारशी आणि २०१४ पासून जैन. लिंगायत समाज त्यात नाही. त्यांच्यासाठी महाराष्ट्राने २०२३ च्या अर्थसंकल्पात महात्मा बसवेश्वरांच्या नावाचे महामंडळ जाहीर केले. मुस्लिम बाईने मौलाना आझाद महामंडळाकडे जायचे, मातंग बाईने अण्णाभाऊ साठे महामंडळाकडे, लिंगायत बाईने बसवेश्वर महामंडळाकडे. तिघींची दुकाने एकाच ओळीत असली आणि तिघींनी मिळून एकच फ्रीजर घ्यायचा म्हटला, तरी तीन अर्ज आणि तीन दाखले लागतात. यावर कुणी म्हणेल, वेगळी महामंडळे नसती तर निधी पुढारलेल्यांनीच नेला असता. ही शंका खरी आहे, आणि म्हणून प्रत्येक समाजाचा निधी आणि उद्दिष्ट वेगळे राहावे. मात्र अर्ज घेण्याचे दार एक असावे.

त्याहून कठीण आक्षेप बँकेचा आहे. घाई केली तर कर्ज बुडते, आणि पैसा ठेवीदारांचा असतो. ज्या जिल्ह्यात पतसंस्थांचे दरवाजे अचानक बंद होऊन ठेवीदार रस्त्यावर आले, तिथे ही भीती हलक्यात घेता येणार नाही. पण बचत गटांना बँकेचे कर्ज देण्याचा प्रयोग नाबार्डने १९९२ मध्ये सुरू केला, आणि आज ग्रामीण जीवनोन्नती अभियानातल्या गटांची थकबाकी दोन टक्क्यांच्या आसपास असल्याचे केंद्र सरकार सांगते. जिथे परतफेडीची हमी शेजारणी घेतात, तिथे घाई आणि बेफिकिरी या दोन वेगळ्या गोष्टी ठरतात. मायक्रोफायनान्सचे काय, असेही विचारले जाईल. तो पैसाही चटकन मिळतो. मिळतो खरा, पण आठवड्याचा हप्ता हंगामी कमाईला बसत नाही. यात्रेत आणि सीताफळात जे मिळते ते दीड-दोन महिन्यांत मिळते, हप्ता मात्र वर्षभर दर आठवड्याला दारात उभा. २०२२ पासून रिझर्व्ह बँकेने कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून अधिक हप्ता नसावा असे बंधन घातले, पण कोणत्या महिन्यात उत्पन्न असते हे कोण विचारतो? देतानाची वेळ आणि घेतानाची वेळ, दोन्ही जुळायला हव्यात. बाईच्या नावचे कर्ज नवराच वापरतो, हा आक्षेपही अनेक घरांत खरा आहे. त्याला उतारा म्हणजे वस्तू तिच्या नावाने, पावती तिच्या नावाने आणि विक्रीचा पैसा तिच्या खात्यात. उचलीत यातले काहीच नसते.

करता येण्याजोगी गोष्ट फार अवघड नाही. उमेदच्या, म्हणजे याच जीवनोन्नती अभियानाच्या राज्यातल्या शाखेच्या, प्रभागसंघाला (बचत गटांच्या संघाला) हंगामी कॅश क्रेडिट मर्यादा द्यावी. ती एकदा मंजूर झाली की दरवर्षी नवी फाइल नको. दाखले गोळा करण्याचे काम बँक सखीकडे असावे आणि महामंडळ कोणतेही असो, कागद तोच चालावा. आणि बँकेने आपले वर्ष एप्रिलपासून न मोजता या धंद्यासाठी पंचांगाने मोजावे. कार्तिकीला कपिलधारच्या वाटेवर दुकान लावायचे असेल, तर अर्ज वैशाखात दाखल झाला पाहिजे आणि पैसा भाद्रपदात खात्यावर आला पाहिजे. मुकादम त्याच्याही आधी, पहिल्या पावसाबरोबर येतो.