औषधाचें ऋण

उपकारकर्त्याचे दोष पाहूं नयेत, असें आपण मानतों. माणसांच्या बाबतींत हें शोभतें. औषधाच्या बाबतींतहि शोभेल काय?

परवां धंतोलींत एक जुना विद्यार्थी भेटला. त्याच्या पत्नीस लहानपणापासून अपस्मार आहे. गेलीं वीस वर्षें ती फेनिटॉइनच्या गोळ्या घेते, आणि तेवढ्या अवधींत एकदांहि झटका आलेला नाहीं. सासरीं मात्र नवऱ्यावांचून कोणास हें ठाऊक नाहीं. जुन्या चिठ्ठीवर गोळ्या येतात व डबी धान्याच्या डब्यांआड राहते. यंदा प्रथमच रक्त तपासलें, तों कोलेस्टेरॉल बरेंच वाढलेलें निघालें. "सर, ती म्हणते, आतां गोळीच नको."

तिची शंका निराधार नाहीं. १९१२ पासून वापरांत आलेलें फेनोबार्बिटल, १९३८ मधील फेनिटॉइन व पुढें आलेलें कार्बामाझेपीन यांनीं असंख्य रुग्णांस पुन्हां संसारांत उभें केलें. परंतु हींच औषधें यकृतांतील विकरांस चेतवितात व त्यायोगें रक्तांतील कोलेस्टेरॉल वाढूं शकतें. व्हाल्प्रोएटनें पुष्कळांचें वजन वाढतें, व त्यामागून इतर मेदहि. लेव्हेटिरासिटॅम, लॅमोट्रिजीन या नव्या औषधांत हा दोष फारसा नाहीं. जुनें औषध बदलून हीं दिल्यावर कोलेस्टेरॉल उतरल्याचें आढळलें आहे. पण गोळी एकाएकीं सोडल्यास झटक्यामागून झटका येऊन प्राणावरहि बेततें.

'रुग्णास हें सांगूं नये. भिऊन औषध टाकील,' असें कित्येक आप्त मायेनें म्हणतात. या बाईला कोणींच कांहीं सांगितलें नव्हतें. तरी ती औषध टाकावयास निघालीच. भय सत्यानें उपजलें नाहीं. तें उशिरां व अर्धवट कळल्यानें उपजलें. औषधाचा हा दोष वेळोवेळीं रक्त तपासून, आहार सांभाळून, वैद्याच्या सल्ल्यानें औषध बदलून आवरतां येण्याजोगा आहे. परंतु जें चोरून घ्यावयाचें, त्याची विचारपूस कोण करणार? हिंदु विवाह कायद्यांतील अटींतून अपस्मार १९९९ सालीं वगळला गेला; आपल्या माजघरांतून तो शब्द अद्याप गेलेला नाहीं.

ऋण मानावें, पण डोळे मिटून नव्हे. दोष दिसला म्हणून ऋण बुडवूंहि नये. मीं त्यास म्हटलें, "गोळी सोडूं देऊं नकोस. तिला वैद्याकडे ने. आणि ती डबी धान्याआडून बाहेर काढ."

पहिली गोष्ट त्यानें तत्काळ कबूल केली. दुसरीवर तो बराच वेळ कांहीं बोलला नाहीं.