नावडीचे खरे नाव

चांगल्या अभिरुचीचा माणूस म्हणून आमच्या चिखलीत माझा थोडाबहुत लौकिक आहे. तो मिळवायला फारसे कष्ट पडले नाहीत. तीस-बत्तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले, शंभरेक जुन्या तबकड्या घरी जपून ठेवल्या आणि कोणतेही नवे गाणे कानावर पडले की भुवया उंचावण्याची सवय लावून घेतली. एवढ्या भांडवलावर तालुक्याच्या गावी रसिक होता येते. पुढेपुढे तर भुवया आपोआप उंचावू लागतात. गाणे ऐकण्याचीही गरज उरत नाही.

माझे नेमके तसेच झाले होते. ते मला कळले २०२४ च्या एप्रिलात, धाकट्या भावाच्या मुलीच्या हळदीच्या संध्याकाळी.

उन्हे कलली होती. अंगणात मांडव, मांडवात पिवळ्या साड्यांतल्या मुली, आणि कोपऱ्यात दोन उंच पेट्या लावून बसलेला गाणी वाजवणारा पोरगा. आमची आक्का ओट्यावर बसून नवरीच्या साडीला फॉल लावत होती. गावातल्या दुकानातून साडी तशीच आणली होती आणि सकाळी ती नेसायची होती. आक्का चौऱ्याहत्तर वर्षांची. १९७९ साली, वयाच्या एकोणतिसाव्या वर्षी तिचे कुंकू गेले. तेव्हापासून दोन मुलांना तिने याच कामावर वाढवले. चिखलीतल्या कितीएक सुनांच्या साड्यांचे फॉल तिच्या हातचे आहेत. मोरपंखी, डाळिंबी, आंबा रंग, सगळे रंग तिच्या मांडीवरून गेले. अंगावर मात्र राखी, करडा आणि फिका निळा, याखेरीज चौथा रंग मी कधी पाहिला नाही.

एवढ्यात एक गाणे लागले आणि मुलींनी एकच गलका केला. ते होते ‘गुलाबी साडी’. योगायोग असा की आक्काच्या मांडीवरची साडीही गुलाबीच होती. नवरीच धावत आली. तिने त्या साडीचा पदर आक्काच्या खांद्यावर टाकला आणि ‘चल ना आत्या’ म्हणत तिला हाताला धरून रिंगणात ओढले. मला वाटले, आक्का हात सोडवून घेईल. तिने तो सोडवला नाही. आधी ती नुसती उभी राहिली. मग तिच्या पायांनी ठेका धरला. लहानपणी भुलाबाईच्या गाण्यांवर ती धरायची तोच तो, गुडघ्यात किंचित वाकून घेतलेला ठेका. पंचेचाळीस वर्षे तो तिने कुठे ठेवला होता कोण जाणे!

मी उठलो, पेट्यांपाशी गेलो आणि त्या पोराला म्हणालो, “बंद कर हे. लग्नघर आहे, तमाशाचा फड नाही.”

गाणे थांबले. आक्काने पदर उतरवला, नीट घडी केला आणि ओट्यावर बसून ती उरलेला फॉल घालू लागली. कोणी काही बोलले नाही. माझ्या अभिरुचीचा दबदबाच तसा होता.

रात्री पाणी प्यायला उठलो तर आक्का जागीच होती. तिने माझ्याकडे पाहिलेही नाही. एवढेच म्हणाली, “तुले गाणं नाही खुपलं, भाऊ. मी खुपली.”

मी माझी बाजू मांडली. हल्लीच्या गाण्यांत अर्थ नसतो, यंत्राचा नुसता दणदणाट असतो, शब्द हलके असतात, वगैरे. वर्गात शंभर वेळा म्हटलेली वाक्ये तोंडातून सुरळीत बाहेर पडली. आक्काने ती सारी ऐकून घेतली आणि विचारले, “मंग त्यातला कोणता शब्द वंगाळ होता, सांग.”

मला सांगता येईना. कारण ते गाणे मी ऐकलेच नव्हते. ज्या मराठीच्या मास्तराने आयुष्यभर मुलांना ‘आधी कविता नीट वाचा, मग मत द्या’ म्हणून सुनावले, त्याने एका गाण्याला साक्षीपुरावा न घेता फाशी दिली होती.

लग्न पार पडल्यावर मी ते गाणे ऐकायला बसलो, काहीसे प्रायश्चित्त म्हणून. माहितीही काढली. गाणे फार लांबचे निघाले नाही. ते लिहिणारा आणि गाणारा संजू राठोड शेजारच्या जळगाव जिल्ह्यातला, धानवडचा. संगीताची जुळणी ‘जी-स्पार्क’ या नावाने काम करणाऱ्या त्याच्याच भावाची. चित्रफितीत प्राजक्ता घाग ही अभिनेत्री आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत गाणे बाहेर पडले. ते कोणत्या चित्रपटातले नव्हे. एकटेच आलेले, एकट्याच्या बळावर चाललेले. आमच्या लहानपणी गाण्याला जगात यायचे तर ग्रामोफोन कंपनीच्या, नभोवाणीच्या किंवा चित्रपट निर्मात्याच्या दारातून यावे लागे, आणि प्रत्येक दारात माझ्यासारखा एखादा भुवया उंचावणारा बसलेला असे. आता संगणक आणि ध्वनिग्राहक असला की घरातल्या खोलीतही गाणे उभे राहते. आमच्या मुलीच्या हळदीपर्यंत ते दोन महिन्यांत गावोगावच्या मांडवांत पोचले होते. कोट्यवधी वेळा ते ऐकले गेले आणि न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधल्या झगमगत्या फलकावरही झळकले.

रचना साधी आहे. ठोका ठरलेल्या अंतराने, न चुकता पडतो, म्हणून तो आधी पायाला कळतो, कानाला मागाहून. ओळ आखूड, आणि ती फिरून फिरून येते, म्हणून दुसऱ्या फेरीला ऐकणारा गाणारा होतो. आणि विषय? एक बाई नटली आहे. तिला वाटते आपल्याकडे कोणीतरी पाहावे, आपला फोटो काढावा. त्यात वंगाळ काही नाही. थोरही काही नाही. मला ते गाणे आजही फारसे आवडत नाही, हे मी प्रांजळपणे सांगतो. तिसऱ्यांदा ऐकताना मला कंटाळा आला. पण कंटाळा आला एवढेच; त्या संध्याकाळी आला तसा संताप आला नाही. मग तो संताप कोणाचा होता?

येथे मला टॉल्स्टॉय आठवला. त्याच्या कलाविषयक ग्रंथाचे मराठी रूप साने गुरुजींनी ‘कला म्हणजे काय?’ या नावाने करून ठेवले आहे. टॉल्स्टॉयने त्यात स्वतःच्या घरचाच एक प्रसंग सांगितला आहे. उदास मनाने फिरून परतत असता त्याला शेतकरी बायांचा मोठ्याने चाललेला गाण्याचा गजर ऐकू आला. लग्न होऊन घरी आलेल्या त्याच्या मुलीचे त्या स्वागत करीत होत्या. आरोळ्या देत होत्या, विळे वाजवीत होत्या. त्या आनंदाची लागण त्याला झाली आणि त्याची उदासी गेली. त्याच रात्री एका नामांकित वादकाने घरी बेथोव्हेनची एक रचना वाजवली. ती मात्र त्याला कोरडी वाटली. यावरून टॉल्स्टॉयने बायांच्या गाण्याला खरी कला ठरवले आणि बेथोव्हेनला नापास केले.

हा निकाल मला पटत नाही. विळ्यांचा ताल खरा म्हणून बेथोव्हेन खोटा, हा माझ्याच भुवयांचा उलटा प्रकार झाला. पण त्या गोष्टीतली एक बाब माझ्या मनात रुतली. टॉल्स्टॉयही एका मुलीच्या लग्नाच्या निमित्ताने अंगणात आला होता, त्यानेही बायांचा कल्लोळ ऐकला. आणि तो थांबून ऐकत राहिला. मी पेट्या बंद करायला गेलो.

अर्थात मी एकटाच असा नव्हतो. पुण्याचे बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ केंद्रात नभोवाणीमंत्री होते. शास्त्रीय संगीतावर त्यांची निष्ठा, आणि लोकांची रुची उंचवावी ही कळकळ. चित्रपटगीतांवरून निर्मात्यांशी वाद झाला आणि ती गीते आकाशवाणीवरून जवळजवळ नाहीशी झाली. लोकांनी काय केले? सुई फिरवून रेडिओ सिलोन लावले. अमीन सायानींच्या ‘बिनाका गीतमाले’साठी दर बुधवारी माणसे रेडिओला चिकटून बसत. अखेर १९५७ साली ‘विविध भारती’ सुरू करून आकाशवाणीने ती गाणी पुन्हा घरात घेतली. रुची दाराला कुलूप लावून वाढत नाही, हे त्या पाच वर्षांत दिसून आले.

पण याच काळात, याच आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून १ एप्रिल १९५५ पासून ‘गीतरामायण’ सुरू झाले. गदिमांचे शब्द, सुधीर फडक्यांचे स्वर. वर्षभर दर आठवड्याला नवे गीत, एकूण छप्पन्न. ते ऐका म्हणून कोणावर सक्ती नव्हती. तरी माणसे रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून ऐकत, असे आमची आई सांगायची. म्हणजे रुची घडवण्याचा मार्ग आहे. तो देण्याचा आहे, हिसकावण्याचा नाही. त्या संध्याकाळी माझ्याजवळ द्यायला काय होते? काहीच नव्हते. मी फक्त हिसकावले.

आता माझ्या संतापाचे खरे नाव सांगतो. मांडवात शेजारपाजारची, सोयऱ्यांकडची चार माणसे बसली होती. चौऱ्याहत्तर वर्षांची, कुंकू गेलेली माझी बहीण खांद्यावर गुलाबी पदर घेऊन त्यांच्यासमोर नाचत होती, आणि माझ्या पोटात भीतीचा गोळा आला होता की लोक काय म्हणतील. ती भीती उघड सांगण्याची मला लाज वाटली असती. आगरकरांवर मी वर्गात तासच्या तास बोललो आहे; विधवांच्या हालांचा धडा शिकवताना माझा गळा भरून येई. तो माणूस ‘विधवेने नाचू नये’ असे कसे म्हणणार? म्हणून त्याने ‘गाणे हलके आहे’ असे म्हटले. भीतीला अभिरुचीचे कपडे घातले की ती चारचौघांत मानाने वावरते.

आणि हे काही त्या एका संध्याकाळचे नाही. १९७९ साली आईने आक्काच्या रंगीत साड्या पेटीत भरून पेटी माळ्यावर टाकली, तेव्हा मी तेवीस वर्षांचा, चांगला शिकलेला होतो. ती पेटी वर चढवायला मीच हात दिला होता. कोणी आक्काला ‘हे नेसू नकोस’ असे बोलले नाही. बोलावे लागलेच नाही.

तेव्हापासून मी स्वतःपुरता एक नियम केला आहे. एखाद्याचा आनंद हलका वाटला तर तसे म्हणण्याआधी स्वतःला विचारावे, मला नेमके काय खुपले? सूर, शब्द, की नाचणारा माणूस? आपण ज्यांना ‘हलकी’ म्हणतो त्या गाण्यांवर नाचणारे लोक बहुधा आपल्यापेक्षा गरीब, तरुण, खालच्या मानलेल्या वस्तीतले किंवा बाया असतात, ही बाब निव्वळ योगायोगाची असेल असे मला आता वाटत नाही.

याचा अर्थ सगळेच चालवून घ्यावे असा नाही. बाईची टर उडवणारे गाणे मला नकोच. पण तसे म्हणायचे तर शब्द ऐकून, बोट ठेवून म्हणावे. आणि आवाजाचे म्हणाल, तर त्याविषयी माझी तक्रार कायम आहे. वरात आमच्या गल्लीतून जाते तेव्हा खिडक्यांची तावदाने थरथरतात आणि पलीकडच्या घरातल्या आजारी म्हाताऱ्याचे काय होत असेल या विचाराने झोप लागत नाही. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालापासून आहेत; वस्तीत दिवसा ५५ डेसिबल, रात्री ४५, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर कर्णे बंद. पण हे नियम भीमसेनांनाही लागू आहेत आणि गुलाबी साडीलाही. दुसऱ्याला इजा होत असेल तर आनंद आवरावा. मला कमीपणा वाटतो म्हणून नव्हे. पहिला न्याय आहे, दुसरा अहंकार. त्या संध्याकाळी सहा वाजले होते, आवाज बेताचा होता आणि आजारी असा कोणी असलाच तर तो मीच होतो.

२०२४ च्या भाऊबीजेला आक्काकडे गेलो. दरवर्षी ओवाळणीत पाकीट घालतो. या वेळी साडी घातली. दुकानदाराने कोणासाठी म्हणून विचारले आणि ‘बहिणीसाठी’ म्हटल्यावर गुलाबी रंगांचा ढीग पुढे टाकला. वय सांगितले असते तर त्याने तो ढीग उचलून राखी काढला असता, म्हणून वय सांगितले नाही. एवढे धैर्य मला जमले.

आक्काने ओवाळले. साडी उलगडली, काठ उलटा करून पाहिला, पोत बोटांत चोळून पाहिला. तिच्या धंद्याची नजर ती. मी क्षमा मागायचे ठरवून गेलो होतो. वाक्येही जुळवली होती. ती काही मला म्हणता आली नाहीत.

“फॉल बिनाचीच आणली ना?” ती म्हणाली.

“तू आहेस म्हणून.”

“दुसऱ्याकडून करून आणायची होतीस. आपल्या साडीचा फॉल आपणच लावावं का?” एवढे बोलून ती सुईत दोरा ओवू लागली. दोरा गुलाबीच निवडला. थोड्या वेळाने मान वर न करता म्हणाली, “नेसल्यावर फोटो काढून घेईन म्हणते. पण तू नको काढू बापा. तुझा हात हलते.”