मीठ कुणाच्या पाठीवर

माझ्या भाच्याने टूथब्रशची दांडी करवतीने अर्धी कापली, त्या दिवशी आमची ताई फोनवर म्हणाली, "पोरगं हातचं गेलं रे." पोरगं तिशीचं, पुण्यात संगणकाच्या नोकरीत. त्याचं म्हणणं असं, की पाठीवरचा जादा ग्रॅम गुडघे पावलागणिक मोजतात, तर तो आधी घरीच मोजलेला बरा. स्वयंपाकघरातला वजनकाटा त्याने आपल्या खोलीत नेऊन ठेवला होता. तंबू काढून टाकून पातळ नायलॉनचं छत घेतलं, सॅक चारशे ग्रॅमची, मोज्यांचे दोनच जोड. औषधांच्या पट्ट्यांच्या कडासुद्धा कात्रीने कापलेल्या.

कमीत कमी ओझं घेऊन पायी भटकणाऱ्यांच्या या पंथाचं एक शास्त्र आहे. सामानाचं मूळ वजन साडेचार किलोच्या आत आलं की माणूस 'अल्ट्रालाइट' झाला. त्यात अन्न, पाणी आणि चुलीचं इंधन धरत नाहीत, कारण ते वाटेत संपतं. हा नियम ऐकतानाच मला जरा सोयीचा वाटला होता. पण मामाने प्रत्येक गोष्टीत बोट घालू नये, म्हणून गप्प बसलो.

त्याच्या दैवतांत एक अमेरिकन आजीबाई होती, एमा गेटवुड. अकरा मुलांची आई. १९५५ साली, वयाच्या ६७व्या वर्षी, घरी शिवलेली पिशवी खांद्यावर टाकून आणि पायात साधे कॅनव्हासचे बूट घालून ती अपालाचियन ट्रेल हा तीन हजार किलोमीटरहून लांब डोंगररस्ता एकटी चालली. पावसासाठी जवळ न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा. भाच्यालाही असंच काही मोठं करायचं होतं. हरिश्चंद्रगड झाला होता, पन्हाळा-पावनखिंड-विशाळगड झाला होता; आता डोळा होता नर्मदा परिक्रमेवर. अडीच हजार किलोमीटरच्या वर चाल, आणि मध्ये शूलपाणीची झाडी. त्या झाडीत पूर्वी परिक्रमावाशांना लुटून लंगोटीवर सोडत, हे त्याने कुठेतरी वाचलं होतं. "मामा, ते जगातले पहिले अल्ट्रालाइट गुरू," असं तो हसत म्हणायचा.

परिक्रमेआधी सराव म्हणून तो व्याघ्रगणनेला स्वयंसेवक म्हणून आमच्याकडे आला. मी म्हैसूरला असतो. इथून पन्नासेक किलोमीटरवर हेग्गडदेवनकोटे, ज्याला सगळे एच. डी. कोटे म्हणतात. कपिला नदीवर, म्हणजेच काबिनीवर, १९७४ साली पुरं झालेलं धरण याच तालुक्यात. त्या पाण्याला लागून नागरहोळेचं जंगल, ६४३ चौरस किलोमीटरांचं. बिबट्यांचे आणि हत्तींचे फोटो काढायला आपली मराठी मंडळी काबिनीला हौसेने येतात, जीपमध्ये बसतात आणि परत जातात. पायी फिरायची तिथे परवानगीच नाही. गणनेत मात्र चालावं लागतं: आधी तीन दिवस ठरलेल्या वाटेने पाच-पाच किलोमीटर, मांसाहारी प्राण्यांच्या खुणा शोधत, मग दोन किलोमीटरच्या सरळ रेषेत, दिसतील ती जनावरं मोजत. शिवाय कॅम्पवरून तिथवर जाणं-येणं वेगळं.

अंतरसंते गावच्या एका किराणा दुकानासमोर तिघे भेटले. भाचा, वनरक्षक, जो निघाला निपाणीकडचा, आणि वॉचर म्हणून रोजंदारीवर असलेला एक म्हातारा. म्हातारा जेनू कुरुब. जेनू म्हणजे मध. मोहोळं काढण्यात या लोकांचा हात कुणी धरू शकत नाही. कर्नाटकातल्या ज्या दोन जमाती सरकारने विशेष दुर्बल मानल्या आहेत, त्यातली ही एक. म्हाताऱ्याचा जन्म जंगलातल्या हाडीवरचा, म्हणजे पाड्यावरचा. आता घर जंगलाबाहेर, आणि पोटासाठी रोज आत जायचं ते दुसऱ्याने दिलेला खाकी शर्ट घालून. सगळे त्याला आज्जा म्हणत.

जीप दुसऱ्या तुकडीला सोडायला गेलेली. कॅम्प आठ-नऊ किलोमीटर आत. चालतच जायचं ठरलं. भाच्याने संधी साधून आपली सॅक दुकानदाराच्या काट्यावर ठेवली. चार किलो सहाशे. वनरक्षकाने शीळ घातली. "पावणं, माझ्या बायकोची पर्स हिच्यापेक्षा जड असती!"

आज्जाने सॅकभोवती एक चक्कर मारली, तळाला दोन बोटं लावून पाहिली आणि कन्नडमध्ये काहीतरी विचारलं.

"आज्जा इचारतोय, मीठ कुठं हाय?"

"मीठ कॅम्पवर असेल ना," भाचा म्हणाला.

"कॅम्पवर कोण नेतंय त्ये?"

वनरक्षकाने सरळ उलथा करून सांगितला, त्यात टोमणा नव्हता. उत्तराची वाटही कुणी पाहिली नाही, कारण दुकानदार तोवर आठवड्याचा शिधा बांधत होता: तांदूळ, नाचणीचं पीठ, हुलगे, तेल, गूळ, आणि हो, मीठ. सगळं एका पोत्यात गेलं. पोत्यावर पाच लिटर पाण्याचा कॅन, कारण जानेवारी सरत आला की तिकडचे ओढे आटतात. वनरक्षकाकडे बंदूक, रजिस्टरं आणि स्वतःचं अंथरूण. पोतं आज्जाच्या पाठीवर. काट्यावर ते कुणी ठेवलं नाही, पण वीस किलोच्या वरच असणार. सुंभाची दोरी दोन्ही खांद्यांवरून घेऊन त्याने छातीवर गाठ मारली. ओझं खाली सरकायला लागलं तशी सोडून पुन्हा आवळून मारली, निरगाठ.

भाचा भन्नाट चालला. साग संपून ऐन आणि नाना सुरू झाले, नान्याच्या गुळगुळीत खोडांवर ऊन पडलेलं, आणि याचे पाय जमिनीला लागत नव्हते. दोनदा वनरक्षकाने हाक मारून मागे घेतला: "पुढं आज्जाला ऱ्हाऊ द्या. नाक त्येचं, कान त्येचं." भाचा थांबायचा, आणि पाच मिनिटांत पुन्हा पुढे निघायचा. त्यात मग्रुरी नव्हती. हलक्या माणसाला हळू चालणं खरोखर जड जातं.

दोन्ही बाजूंनी घाणेरी माजली होती. बागेत शोभेची म्हणून परदेशातून आणलेलं हे झुडूप आता अशा जंगलांत डोक्याच्या वर वाढतं, आणि त्यात हत्ती उभा असला तरी दहा पावलांवर येईस्तोवर दिसत नाही. आज्जा मध्येच थांबला. बोट वर केलं. भाच्याला काहीच ऐकू आलं नाही. मग पोकळ घशातून निघावी तशी एक घरघर, आणि घाणेरीच्या वर कानाची कड. हत्तीण, आणि तिच्या पायांआड पिल्लू.

त्यानंतरचं भाच्याने मला सांगितलं ते असं. वनरक्षक ओरडला, "वर, वर!" आणि तो डाव्या हाताच्या चढाने पळाला. पळणं इतकं सोपं होतं, की सॅक पाठीवर आहे हेही त्याच्या ध्यानात नव्हतं. खडकावर पोचून त्याने मागे पाहिलं. वनरक्षक अर्ध्या वाटेवरून परत फिरलेला. आज्जा वाटेच्या कडेला उकिडवा, दोन्ही हात छातीवरच्या गाठीशी. गाठ सुटत नव्हती. वीस किलो पाठीवर घेऊन चढ चढता येत नव्हता, आणि ओझं टाकायचं तर निरगाठ. वनरक्षकाने आज्जाच्या कमरेचा कोयता उपसला आणि दोरी कापली. पोतं पडलं. दोघे नान्याच्या खोडामागून कोलमडत वर आले.

हत्तिणीने पाठलाग केलाच नाही. ती पोत्यापाशी थांबली. कॅनवर पाय पडला तो मुद्दाम की सहज, कोण सांगणार. फटकन आवाज झाला आणि वाट ओली झाली. मग पोतं फाडून तिने आधी गूळ शोधला. तांदूळ पिल्लाने पसरले. खडकावर तिघे बसून पाहत होते. आठवड्याचा शिधा डोळ्यांसमोर संपत होता आणि करण्यासारखं काही नव्हतं. वनरक्षकाला हसू आलं, आज्जाही हसला. भाच्याला हसता आलं नाही.

तहान लागली तेव्हा आज्जाने आटलेल्या ओढ्याच्या वळणावर हातांनी वाळू उकरून विरडा केला. कोपरापर्यंत हात गेल्यावर गढूळ पाणी झिरपलं. इथे भाच्याचा शंभर ग्रॅमचाही नसलेला फिल्टर कामी आला. वनरक्षक पोटभर प्यायला. आज्जाने एक घोट घेतला आणि म्हणाला, पाण्याची चवच काढून घेतली यानं. आणि पुढचं ओंजळीनेच प्यायला.

कॅम्पवर एकटा वॉचर होता, आणि त्याचा उरलेला थोडा शिधा. नाचणीचे मुद्दे, म्हणजे शिजवलेल्या पिठाचे गोळे, चौघांत वाटले. मीठ मात्र होतं. भाच्याने रात्री विस्तवापाशी वनरक्षकामार्फत विचारलं, "आज्जा, ओझ्यातलं थोडं मला घ्या म्हणून का नाही सांगितलं?"

आज्जाने बराच वेळ निखारा उलटापालटा केला.

"आज्जा म्हनतोय," वनरक्षक म्हणाला, "पिशवी ल्हान दिसली. मावलं नसतं."

भाच्याने हे मला म्हैसूरच्या घरी जेवताना सांगितलं तेव्हा त्याचा घास हातातच होता. मला विचाराल तर त्या पंथाचा हिशेब नेमका इथे फसतो. जे वाटेत संपतं ते वजनात धरायचं नाही, हा नियम कागदावर ठीक आहे. पण माणूस जगतो तो जे संपतं त्याच्यावर, आणि ते कुणाला तरी पोचवावं लागतं. गेटवुडबाईंची पिशवी हलकी होती याला त्यांचा कणखरपणा जितका कारण, तितकीच वाटेवरची घरंही, ज्यांनी त्यांना जेवू घातलं आणि ओसरीवर निजू दिलं. नर्मदेच्या काठी हे आपल्या लोकांनी फार आधी ओळखलं. तिथे हलकं चालायला नियम आहेत: साठा करायचा नाही, सदावर्तात मिळेल तो शिधा त्या दिवसापुरता घ्यायचा, आणि काठावरची माणसं जे वाढतील त्याला नावं ठेवायची नाहीत. आपलं ओझं आज कोण उचलतंय, ते रोज हात पसरताना दिसतं. ग्रॅम मोजणाऱ्याला ते दिसायची सोय नाही. त्याचं ओझं कुणाच्या पाठीवर आहे, ते कळायला वाटेत हत्तीण उभी राहावी लागते.

दुसऱ्या दिवशी नवा शिधा आला, तो जंगलाच्या कडेपर्यंत जीपने आणि पुढे पाठीवर. भाच्याने आपल्या सॅकमध्ये तांदूळ भरले. सॅकला ना कमरपट्टा, ना पाठीचा ताठपणा. पाऊण तासात खांद्याची शिवण उसवली. चारशे ग्रॅमच्या कापडाने तेवढंच करावं, त्याचा काय दोष. आज्जाने त्याला गोणपाट दिलं, दोरी दिली, आणि गाठ शिकवली. दोरीचं टोक दुमडून आतून घ्यायचं, पूर्ण ओढायचं नाही, फासा मोकळा ठेवायचा. ओझं असताना घट्ट, आणि शेपूट ओढलं की एका झटक्यात मोकळी. साधी सुरगाठ. त्या दिवशी आपण घाईत निरगाठ मारली, हे आज्जा स्वतःशीच पुटपुटत होता. ओझं दोघांत वाटलं गेलं तसा आज्जा पुढे राहिला, त्याचं नाक आणि कान मोकळे झाले. आणि त्या आठवड्यात पुन्हा हत्ती भेटले ते लांबून, वेळेवर कळून.

भाचा चालायचा मात्र फार हळू. खांदे सोलले होते. वनरक्षक म्हणायचा, "पावणं, आता दिसतंय माणूस चालतंय म्हणून."

गणना संपल्यावर तिघे एच. डी. कोटेच्या बाजारात उतरले. भाच्याला आज्जासाठी कॅन घ्यायचा होता. हार्डवेअरच्या दुकानदाराने दोन पुढे ठेवले: एक निळा, कागदासारखा पातळ, दुसरा काळा, जाड, मुठीचा. भाच्याने सवयीने दोन्ही हातांत तोलून पाहिले. आज्जाने त्याच्या हातून घेऊन दोन्हींवर टिचकी मारली, निळा परत दुकानदाराकडे सरकवला आणि काळा ठेवला. काळा साठ रुपये महाग होता. भाच्याने पैसे दिले. मग आज्जाने बाजारच्या नळावर तो काठोकाठ भरून घेतला, झाकण दाबून बसवलं आणि भाच्याच्या हातात दिला. बस स्टँड अर्धा किलोमीटर लांब होतं.