सुभेदारांची बारा बोअर

मरोळ नाक्याजवळच्या आमच्या शाखेत सर्वांत वजनदार असामी कोण, असं विचाराल तर मॅनेजर नव्हेत. दारात स्टुलावर बसणारे सुभेदार. फौजेतून निवृत्त झालेला हा साताऱ्याकडचा गृहस्थ मांडीवर दुनळी बारा बोअरची बंदूक घेऊन बसतो आणि पासबुक भरायला आलेली माणसंसुद्धा रांगेत सरळ उभी राहतात. 'एक गोळी लागली की माणूस दहा फूट मागं उडतो!' हे आमच्या कॅशियरचं ठाम मत. आधार, हिंदी सिनेमा.

मी पडलो कॉमर्सचा. जमेला जे, तेच नावे, एवढंच माझं तत्त्वज्ञान. न्यूटनसाहेबही मूळचा जमाखर्चवालाच असावा. त्याच्या हिशेबानं गोळी समोरच्याला जेवढा धक्का देणार, निदान तेवढा तरी झाडणाऱ्याच्या खांद्याला बसणारच. समोरचा दहा फूट उडाला, तर सुभेदार स्टुलासकट तिजोरीत जायला हवेत! मी डबा खाता खाता आकडे मांडले : गोळी साधारण 28 ग्रॅम, वेग सेकंदाला साडेचारशे मीटर. 65 किलोच्या माणसाला मिळणारी गती ताशी पाऊण किलोमीटरसुद्धा नाही. अंधेरीला गाडीत चढताना याहून जास्त मिळते. आणि 'बारा' तरी काय? नळीच्या मापाच्या शिशाच्या बारा गोळ्या मिळून एक पौंड. म्हणजे आकडा वाढला की नळी बारीक!

जेवढं तोंड मोठं, तेवढी आख्यायिका मोठी. 1549 साली अहमदनगरला ओतलेली, पुढं विजापूरला गेलेली ती मुलूखमैदान तोफ पाहा. वजन सुमारे 55 टन. म्हणे, बत्ती देऊन गोलंदाज कान वाचवायला हौदात बुडी मारी. 1854 साली इंग्रजांनी तिचा लिलाव मांडला, तेव्हा बोली आली दीडशे रुपये! लिलाव रद्द झाला म्हणून ती वाचली. दरारा सरला की उरतो मोडीचा भाव.

हे सारं मी विजयी मुद्रेनं सुभेदारांना ऐकवलं. ते म्हणाले, "बरोबर आहे साहेब. माणूस उडत नाही. जागच्या जागी खाली बसतो. गोळी मोठी असो नाही तर बारकी, परत उठत नाही." आणि अर्धा डबा झाकून ते दारात गेले.

तेव्हापासून मला प्रश्न पडलाय : खरं सांगावं कुणाला? दरोडेखोराचा गैरसमज मी कशाला दूर करू? धाकावर बंदूक चालते, विश्वासावर बँक. सगळे खातेदार एकाच दिवशी पैसे मागायला आले, तर आमचीही मुलूखमैदान व्हायची!

पण परवा आईबरोबर आलेल्या एका पोरानं विचारलं, "काका, गोळी लागली की माणूस उडतो?" सुभेदारांनी माझ्याकडं पाहिलं. मी काउंटरवरून उठलो आणि म्हणालो, "नाही रे बाळा. मरतो."

पोरगं बंदुकीपासून दोन पावलं मागं सरकलं. सुभेदारांनी ती पलीकडच्या मांडीवर घेतली.