बॅरनची बाजू

व्हिडिओ गेम म्हटला की आपणा वडीलधाऱ्यांच्या कपाळाला आठ्या पडतात. मुले रात्र रात्र जागतात, अभ्यास बुडवतात, ही तक्रार काही खोटी नाही. पण पोलंडमध्ये तयार झालेला, २०१५ साली आलेला ‘द विचर ३’ हा खेळ आम्ही मोठ्या मुलांच्या शेजारी बसून पाहिला (लहानांसाठी तो मुळीच नाही) आणि त्यातला एक दुष्ट माणूस मनातून जाईना.

फिलिप स्ट्रेंगर त्याचे नाव. लोक त्याला ‘ब्लडी बॅरन’ म्हणतात. युद्धाने उद्ध्वस्त झालेल्या वेलेन प्रांतात गढी बळकावून बसलेला हा जुना सैनिक. बायको अ‍ॅना आणि मुलगी तमारा नाहीशा झाल्या आहेत, त्यांना शोधून द्या, अशी तो खेळाचा नायक गेराल्ट याला गळ घालतो. शोध घेता घेता कळते की त्या त्याच्याच जाचाला कंटाळून पळाल्या. तो दारू पिऊन बायकोला मारत असे. अशाच एका भांडणात तिचा गर्भ पडला आणि ते मूल त्याने नाव न ठेवताच पुरले.

मग बॅरन आपली बाजू सांगतो. वर्षानुवर्षे तो लढायांवर होता. परतला तेव्हा बायको दुसऱ्याची झालेली. त्याने त्या माणसाला ठार केले. ऐकताना आपले मन हळूहळू विरघळते. पुढे तर, खेळणाऱ्याने तसे निवडले तर, पिशाच्च झालेले ते मूल बॅरन स्वतःच्या हातांत उचलून घराच्या उंबऱ्याशी आणतो, त्याला ‘डिया’ असे नाव देतो आणि तिथे पुरतो. आमच्या शेजारचा मुलगा एवढा बोलका, पण त्या वेळी तोही गप्प झाला.

माणूस असा का झाला हे कळले की त्याचा राग करणे जड जाते. ते बरेच आहे. पण आपली करुणा कोणाकडे वळली? जो बोलला त्याच्याकडे. अ‍ॅनाची बाजू आपण कधी ऐकली? ते मूल नको म्हणून तिने दलदलीतल्या चेटकिणींशी सौदा केला होता. पोटचे मूल नको व्हावे इतके तिने काय सोसले, हे तिच्या तोंडून जेमतेम दोन शब्दांत कळते. आपल्याकडेही असेच होते. दारूडा नवरा चार लोकांत रडला की सगळे त्याची समजूत काढतात, त्याला चहा देतात. तो चहा ठेवणारी आत चुलीपाशी असते.

खेळाचे शेवट निरनिराळे आहेत. एकात अ‍ॅना मरते आणि बॅरन गळफास घेतो. दुसऱ्यात ती जगते, पण तिला वेड लागलेले असते. बॅरन सुधारायचे ठरवतो आणि तिला दूर डोंगरातल्या एका वैदूकडे घेऊन निघतो. पुष्कळ जण हाच शेवट चांगला मानतात. त्याच्याबरोबर जायचे की नाही, हे अ‍ॅनाला मात्र कोणी विचारत नाही. आणि विचारले तरी उत्तर देण्याइतकी ती भानावर राहिलेली नसते.